जुन्या संगणकावरील डेबियनवर हलका डेस्कटॉप बसवण्याची रीत

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांत, तासगाव-पलूसकडच्या विकास सोसायट्यांत, गावोगावच्या वाचनालयांत आणि शाळांच्या संगणक कक्षांत दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले पुष्कळ संगणक आजही धडधाकट आहेत. त्यांची अडचण यंत्राची नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्यामुळे यांतील अनेक संगणकांना पुढची वाट राहिलेली नाही. अशा वेळी घरातला एखादा जाणकार भाचा किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी त्यावर डेबियन लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणकप्रणाली बसवून देतो. परंतु जागा आणि डेटा वाचवण्यासाठी त्याने किमान मांडणीच केलेली असेल, तर संगणक सुरू केल्यावर काळा पडदा, त्यावर लॉगिन हा एक शब्द आणि लुकलुकणारी खूण एवढेच दिसते. दिवाणजींनी पट्टी (मालविक्रीच्या हिशेबाची पावती) कुठे करायची आणि ग्रंथपालबाईंनी पुस्तकांची यादी कशी उघडायची, हा प्रश्न तिथे उभा राहतो. त्या काळ्या पडद्यापासून रोजच्या वापराच्या डेस्कटॉपपर्यंत कसे जावे, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी डेस्कटॉप ही चैन नाही, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक वाटते. लिनक्सच्या मजकुरी कन्सोलला, म्हणजे या काळ्या पडद्याला, एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षरचित्रे हाताळता येतात, आणि वेलांट्या, मात्रा व जोडाक्षरे योग्य जागी जुळवण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे कृष्णाकाठ हा साधा शब्दही तिथे वाचता येईल असा उमटत नाही. डेबियनचा इन्स्टॉलरसुद्धा मराठीचा पर्याय फक्त चित्रमय पद्धतीत देतो. मजकुरी पद्धतीच्या यादीत मराठी नसते. कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्याची पद्धत, समर्थ आहे आणि पुढे अडचणीच्या वेळी तीच उपयोगी पडणार आहे, पण मराठी पत्र, मराठी पावती किंवा मराठी यादी करायची तर डेस्कटॉपला पर्याय नाही.

कमांडींबद्दल एक सूचना. या लेखात त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत, अवतरणचिन्हांत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या अवतरणचिन्हे वगळून, रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3) टाइप कराव्यात, आणि जिथे मोकळी जागा दिसते तिथे स्पेसबार दाबावा. एखाद्या पॅकेजच्या (बसवण्यासाठी बांधून ठेवलेल्या प्रोग्रामच्या) स्पेलिंगची शंका आली, तर 'ॲप्ट सर्च' ही कमांड देऊन पुढे नावाचा माहीत असलेला भाग लिहावा. जुळणाऱ्या नावांची यादी येते.

डेस्कटॉपचे थर

डेस्कटॉप बसवला म्हणजे संगणकप्रणाली बदलली, असे होत नाही. खाली लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि कमांड लाइन जशीच्या तशी राहते आणि तिच्यावर काही थर चढतात. सर्वांत खालचा थर पडद्यावर चित्र काढण्याचा आणि माउस-कीबोर्डच्या हालचाली टिपण्याचा असतो. एक्स विंडो सिस्टीम या नावाने ही प्रणाली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये सुरू झाली आणि तिची १९८७ मधील अकरावी आवृत्ती सुधारणा होत होत आजही वापरात आहे. तिच्यावर विंडो मॅनेजर असतो. तो खिडक्यांना चौकटी देतो, त्या हलवतो, लहान-मोठ्या करतो. त्याच्या जोडीला पॅनेल (पडद्याच्या कडेची पट्टी), मेनू, फाइल मॅनेजर आणि सेटिंग्जचे प्रोग्राम आले की त्या सगळ्या संचाला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. या सर्वांच्या आधी नाव व पासवर्ड विचारणारा जो चित्रमय पडदा येतो, तो डिस्प्ले मॅनेजर. लाइटडीएम, एसडीडीएम आणि जीडीएम ही त्याची नेहमी भेटणारी नावे आहेत.

ही नावे लक्षात ठेवण्याचा उपयोग बिघाडाच्या वेळी होतो. पासवर्डचा पडदाच आला नाही तर दोष डिस्प्ले मॅनेजरच्या किंवा ग्राफिक्सच्या थरात असतो. पासवर्ड दिल्यावर तोच पडदा पुन्हा आला तर दोष बहुधा त्या वापरकर्त्याच्या खात्यात असतो किंवा डिस्क भरलेली असते. खिडक्या दिसतात पण खालची पट्टी नाहीशी झाली असेल तर फक्त पॅनेल बंद पडलेले असते. तिन्ही वेळा पुन्हा सगळे बसवण्याची गरज नसते.

एक्सच्या जागी वेलँड ही नवी पद्धत येत आहे, आणि ग्नोम व केडीई हे दोन मोठे डेस्कटॉप आता प्रामुख्याने तिच्यावर चालतात. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपच्या डिसेंबर २०२४ मधील ४.२० या आवृत्तीत वेलँडचा आधार प्रायोगिक स्वरूपात आला आहे. जुन्या संगणकावर तूर्त एक्सवरच राहावे, असे माझे मत आहे.

यंत्र पाहून आणि माणूस पाहून निवड

प्रथम प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते पाहावे. काळ्या पडद्यावर लॉगिन करून 'एलएससीपीयू' ही कमांड दिली की वरच्या ओळींतच ३२ बिट, ६४ बिट असे लिहिलेले दिसते. इंटेल कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे डेस्कटॉप प्रोसेसर ६४ बिटचे आहेत. सुरुवातीच्या नेटबुकमधील ॲटम एन२७० सारखे काही प्रोसेसर मात्र ३२ बिटचेच आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ साठी ३२ बिटच्या साध्या संगणकाचा इन्स्टॉलर दिला जात नाही, त्यामुळे अशा यंत्राला डेबियन १२ वरच थांबावे लागते.

त्यानंतर 'फ्री -एच' या कमांडने रॅम आणि 'डीएफ -एच' या कमांडने डिस्कवरील मोकळी जागा पाहावी. डेस्कटॉपसह डेबियनसाठी किमान १ जीबी आणि शक्यतो २ जीबी रॅम, तसेच १० जीबी डिस्क लागते, असे डेबियनचे मार्गदर्शन आहे. माझ्या मते १ जीबीवर डेस्कटॉप उघडतो, पण त्यावर काम होत नाही, कारण खरी मेमरी ब्राउझर खातो आणि आजकाल सातबारापासून बँकेपर्यंत सगळे ब्राउझरमध्येच आहे. अशा यंत्राला शंभर सेटिंग्ज बदलण्यापेक्षा रॅमची एक जुनी पट्टी मिळवून लावणे शहाणपणाचे. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर संगणक सुरू होण्याचा आणि प्रोग्राम उघडण्याचा वेळ इतका कमी होतो की डेस्कटॉपच्या निवडीने पडणारा फरक त्यापुढे किरकोळ ठरतो.

निवडीबद्दल माझे मत ठाम आहे. रॅम २ जीबीपेक्षा कमी असेल तर एलएक्सक्यूटी घ्यावा. २ ते ४ जीबी असेल तर एक्सएफसीई घ्यावा. फ्रान्सच्या ओलिव्हिए फुर्दां यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा डेस्कटॉप घाईने बदलत नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे. आज दिवाणजींना शिकवलेली मेनूची जागा पाच वर्षांनीही तिथेच सापडण्याची शक्यता अधिक असते. ज्यांना ग्नोमची जुनी दुसरी आवृत्ती आवडत होती त्यांच्यासाठी २०११ मध्ये तिच्यापासून वेगळा निघालेला माटे हा डेस्कटॉपही तितकाच समाधानकारक आहे. ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा हे दोन्ही देखणे व संपन्न आहेत, आणि प्लाझ्मा लोक समजतात तेवढा जडही राहिलेला नाही. तरी ८ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स असल्याखेरीज जुन्या यंत्रावर ते बसवू नयेत. ग्नोमची मांडणी विंडोजपेक्षा बरीच वेगळी असल्याने, साठीच्या घरातील माणसाला रोजच्या कामाच्या धबडग्यात ती नव्याने शिकायला लावणे मला योग्य वाटत नाही.

दोन प्रसंगी मात्र डेस्कटॉप बसवूच नये. दुकानाचा हिशेब टॅलीसारख्या केवळ विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये असेल, तर तो संगणक तसाच ठेवावा. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवू पाहणाऱ्या वाइन या सोयीच्या आधाराने असे प्रोग्राम कधी चालतात, कधी नाही, आणि हळदीचे सौदे जोरात असताना हिशेब असा दैवावर सोडता येत नाही. दुसरा प्रसंग म्हणजे कोपऱ्यात ठेवलेला, फक्त फायली साठवणारा सर्व्हर. त्यासाठी मिडनाइट कमांडर पुरेसा आहे. काळ्या पडद्यावरच दोन निळी कप्पेवजा पाने उघडणारा हा फाइल मॅनेजर 'एमसी' या नावाने बसवता येतो. त्यात एफ५ ने फाइलची प्रत निघते, एफ६ ने ती हलते, एफ८ ने पुसली जाते आणि एफ१० ने बाहेर पडता येते. तो मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा यांनी सुरू केला, आणि पुढे १९९७ मध्ये फेदेरिको मेना यांच्यासह ग्नोमचा पायाही त्यांनीच घातला.

बसवण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम प्रशासकाचे अधिकार कोणाकडे आहेत ते तपासावे. डेबियन बसवताना रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड रिकामा सोडला असेल तर पहिल्या वापरकर्त्याला 'सुडो', म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवण्याची सोय, वापरता येते. रूटचा पासवर्ड दिला असेल तर 'सुडो' चालणार नाही. अशा वेळी 'एसयू -' ही कमांड, शेवटच्या आडव्या रेघेसह, देऊन रूट व्हावे, 'ॲप्ट इन्स्टॉल सुडो' करावे आणि मग 'ॲडयूजर', त्यापुढे आपले लॉगिनचे नाव आणि त्यापुढे 'सुडो' असे लिहून स्वतःला त्या गटात घालावे. ती आडवी रेघ गाळली तर ॲडयूजर ही कमांड सापडत नाही असे उत्तर येते, आणि नवीन माणूस तिथेच अडतो. गटात गेल्यावर एकदा लॉगआउट होऊन पुन्हा लॉगिन करणे आवश्यक असते.

यानंतर 'सुडो ॲप्ट अपडेट' करावे. येथे डेबियनची सीडी घाला असा संदेश आला, तर ईटीसी फोल्डरातील ॲप्ट या फोल्डरात सोर्सेस डॉट लिस्ट ही फाइल 'सुडो नॅनो' ने उघडावी, सीडीरॉम असा उल्लेख असलेल्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह (#) घालून ती निष्क्रिय करावी आणि डेबियनच्या नेटवरील संग्रहाची ओळ नसल्यास घालावी. नॅनोमध्ये कंट्रोल आणि ओ दाबून, मग एंटर दाबून फाइल जतन होते, आणि कंट्रोल व एक्सने बाहेर पडता येते.

इंटरनेट शक्यतो वायरचे असावे. ते नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करण्याचा मार्ग वायफायपेक्षा भरवशाचा ठरतो, कारण त्यासाठी बहुधा वेगळे फर्मवेअर (यंत्रभाग चालवणारे सॉफ्टवेअर) लागत नाही. विजेची सोयही पाहावी. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा पाऊस आला की वीज जाणार हे आपल्याकडे ठरलेले असते, म्हणून हे काम सकाळी किंवा इन्व्हर्टरवर करावे. मध्येच वीज गेलीच, तर घाबरून सगळे पुसू नये: पुन्हा सुरू करून 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि त्यानंतर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' या दोन कमांडी दिल्या की अर्धवट राहिलेले काम सहसा तिथूनच पुढे पूर्ण होते आणि उतरवलेल्या फायली पुन्हा उतरवाव्या लागत नाहीत.

प्रत्यक्ष बसवणे

सोपा मार्ग 'सुडो टास्कसेल' या कमांडचा आहे. तिने एक यादी उघडते. बाणांच्या कळांनी एक्सएफसीईवर जाऊन स्पेसबारने त्यासमोर चांदणी उमटवावी, टॅबने ओके वर जावे आणि एंटर दाबावे. स्पेसबारच्या जागी एंटर दाबला तर काहीच न निवडता यादी बंद होते, एवढे सांभाळावे.

मोबाइल डेटा मोजून वापरायचा असेल तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप' ही कमांड अधिक बरी, कारण किती एमबी उतरणार आणि डिस्कवर किती जागा व्यापणार ते ती आधी सांगते आणि आपण वाय दाबून होकार दिल्यावरच पुढे जाते. या संचात लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्सही येतात. तेवढेही नको असेल, तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' पुढे 'एक्सएफसीई४', 'एक्सएफसीई४-गुडीज' आणि 'लाइटडीएम' ही तीन पॅकेजे लिहावीत. एलएक्सक्यूटी हवा असल्यास 'टास्क-एलएक्सक्यूटी-डेस्कटॉप' आणि माटे हवा असल्यास 'टास्क-माटे-डेस्कटॉप' लिहावे; माटेचे स्पेलिंग एम, ए, टी, ई असे आहे.

शाळेच्या कक्षात एकसारखे अनेक संगणक असतील तर प्रत्येकावर तोच डेटा पुन्हा उतरवू नये. पहिल्या संगणकावर 'ॲप्ट' ऐवजी 'ॲप्ट-गेट' ही जुनी कमांड वापरावी. तिने उतरवलेली पॅकेजे व्हीएआर फोल्डरातील कॅश, त्यातील ॲप्ट आणि त्यातील अर्काइव्ह्ज या फोल्डरात शिल्लक राहतात, तर 'ॲप्ट' ती बसवून झाल्यावर पुसून टाकते. या फायली पेनड्राइव्हने इतर संगणकांच्या त्याच फोल्डरात ठेवल्या, आणि डेबियनची आवृत्ती व प्रोसेसरचा प्रकार सगळीकडे सारखा असला, तर बाकीच्या संगणकांना अपडेटच्या याद्या आणि किरकोळ फरक एवढेच उतरवावे लागते. सगळीकडे काम झाल्यावर 'सुडो ॲप्ट-गेट क्लीन' ने ती जागा मोकळी करावी.

बसवून झाले की 'सुडो रिबूट' करावे. आता काळ्या पडद्याऐवजी लाइटडीएमचा पडदा येईल. डेबियनमध्ये त्यावर वापरकर्त्यांची यादी मुद्दाम लपवलेली असते, म्हणून नावही टाइप करावे लागते. दुकानात किंवा वाचनालयात हे गैरसोयीचे ठरते. ईटीसीमधील लाइटडीएम फोल्डरात लाइटडीएम डॉट कॉन्फ या फाइलमध्ये ग्रीटर-हाइड-यूजर्स अशी ओळ असते; तिच्या सुरुवातीचे हॅश काढून पुढे फॉल्स ठेवावे, म्हणजे नाव निवडता येते. पासवर्डशिवाय आपोआप लॉगिन करण्याची सोयही याच फाइलमध्ये आहे, पण जिथे लोकांचे हिशेब किंवा सभासदांची माहिती आहे तिथे ती वापरू नये.

पहिल्या लॉगिननंतर पुष्कळांना एक गोष्ट चकित करते: इंटरनेट चालू असते, पण पॅनेलवरचे नेटवर्कचे चिन्ह जोडणी दाखवत नाही. किमान मांडणीत नेटवर्कची नोंद ईटीसीमधील नेटवर्क फोल्डरात इंटरफेसेस या फाइलमध्ये झालेली असते, आणि तिथे नोंदलेल्या जोडणीला डेस्कटॉपचा नेटवर्क मॅनेजर हात लावत नाही. त्या फाइलमधील 'लो' चा उल्लेख असलेल्या ओळी तशाच ठेवून बाकीच्या जोडणीच्या ओळींपुढे हॅश घालावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. त्यानंतर वायफायची यादी चिन्हावर क्लिक केल्यावर दिसू लागते.

वापरणाऱ्याच्या सोयीची मांडणी

बसवणारा येथे थांबतो आणि वापरणाऱ्याची अडचण येथून सुरू होते, म्हणून या भागाला वेळ द्यावा. डेबियनच्या एक्सएफसीईत एक पॅनेल वर आणि एक लहान पट्टी खाली असते. विंडोजची सवय असलेल्याला एकच पट्टी खाली हवी असते. वरच्या पॅनेलवर उजवी क्लिक करून त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये लॉकची खूण काढावी, पॅनेल ओढून खाली न्यावे, पुन्हा लॉक करावे आणि दुसरे पॅनेल तिथूनच काढून टाकावे. मग पॅनेलमध्ये नव्या वस्तू जोडण्याच्या यादीतून व्हिस्कर मेनू घ्यावा. त्यात प्रोग्रामचे नाव टाइप करून शोधता येते आणि नेहमीचे प्रोग्राम वर ठेवता येतात.

अपीअरन्स या सेटिंगमध्ये फाँटच्या पानावर डीपीआयचा आकडा ९६ असतो. तो ११० ते १२० केला की सगळ्या खिडक्यांतील अक्षरे एकसारखी मोठी होतात. चष्मा लागलेल्यांसाठी प्रत्येक प्रोग्राममध्ये वेगवेगळा फाँट बदलण्यापेक्षा हा उपाय कितीतरी चांगला आहे. थुनार या फाइल मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये एका क्लिकने उघडण्याचा पर्याय आहे. ज्यांचा हात दोनदा क्लिक करताना हलतो त्यांच्यासाठी तो अवश्य चालू करावा. रोज लागणारे तीन-चार फोल्डर आणि प्रोग्राम एवढेच डेस्कटॉपवर ठेवावेत आणि फोल्डरांना मराठी नावे द्यावीत.

यंत्र मंद वाटत असेल तर विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटरच्या पानावरील खूण काढावी. सावल्या आणि पारदर्शकता जाते, पण जुन्या ग्राफिक्सवरचा भार हलका होतो. रॅम कमी असेल तर 'झेडरॅम-टूल्स' हे पॅकेज बसवावे. ते रॅमचाच काही भाग दाबून साठवण्यासाठी वापरते, त्यामुळे ब्राउझर उघडल्यावर हार्ड डिस्कची घरघर सुरू होण्याची वेळ पुढे ढकलली जाते.

मराठी आणि छपाई

मराठीसाठी 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल टास्क-मराठी-डेस्कटॉप' करावे, आणि अक्षरे नीट दिसत नसतील तर 'फाँट्स-लोहित-देवा' व 'फाँट्स-नोटो-कोअर' ही पॅकेजेही घ्यावीत. मेनू मराठीत हवे असतील तर 'सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर लोकॅल्स' देऊन यादीतील एमआर-आयएन हा पर्याय निवडावा. टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या पानावर सिस्टीमचे मूळ सेटिंग वापरण्याची खूण काढावी आणि भारतीय गटातून मराठीचा एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट लेआउट जोडावा, तसेच इंग्रजी-मराठी बदलण्याची कळ तिथेच ठरवावी. इनस्क्रिप्ट ज्याला येते त्याला एवढे पुरते. उच्चाराप्रमाणे रोमन कळांनी मराठी लिहिणाऱ्यांसाठी 'आयबस-एम१७एन' बसवावे, 'आयएम-कॉन्फिग -एन आयबस' ही कमांड देऊन पुन्हा लॉगिन करावे आणि आयबसच्या सेटिंगमध्ये मराठीचा आयट्रान्स किंवा फोनेटिक हा प्रकार जोडावा. जुनी पत्रे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील तर ती उघडल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसेल. तो डेस्कटॉपचा दोष नाही, आणि तो मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो.

प्रिंटर जोडण्यासाठी 'सिस्टीम-कॉन्फिग-प्रिंटर' हा चित्रमय प्रोग्राम आहे. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना 'एचपीलिप' पुरते. पट्ट्या छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांपैकी जे एप्सनची भाषा समजतात, त्यांच्यासाठी यादीतील एप्सन ९ पिन किंवा २४ पिन मालिकेचा सामान्य ड्रायव्हर चालतो. देवनागरी मजकूर चित्ररूपाने जात असल्यामुळे छपाई थोडी सावकाश होते. कॅननच्या एलबीपी २९०० साठी मात्र कंपनीचा वेगळा कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणे किचकट आहे, हे संगणक बदलण्याआधीच ध्यानात घ्यावे.

डेस्कटॉप रुसला तर

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ या कळा एकत्र दाबल्या की डेस्कटॉपच्या मागे सतत जागी असलेली कमांड लाइन समोर येते. तिथे लॉगिन करून दुरुस्ती करावी आणि कंट्रोल, ऑल्ट, एफ७ ने डेस्कटॉपकडे परतावे. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा लॉगिनचाच पडदा येत असेल, तर प्रथम 'डीएफ -एच' ने डिस्क भरली आहे का ते पाहावे. भरलेल्या डिस्कवर डेस्कटॉप आपल्या तात्पुरत्या फायली लिहू शकत नाही आणि मुकाट्याने परत फिरतो. डिस्क भरलेली नसेल, तर आपल्या होम फोल्डरातील डॉट-एक्सऑथॉरिटी या फाइलची मालकी रूटकडे गेली आहे का ते 'एलएस -एलए' ने तपासावे. कोणी सुडो लावून चित्रमय प्रोग्राम चालवला की असे घडू शकते. ती फाइल पुसली तर पुढच्या लॉगिनला नवी तयार होते.

पासवर्डचा पडदाच येत नसेल तर 'सिस्टीमसीटीएल स्टेटस लाइटडीएम' ही कमांड द्यावी आणि व्हीएआर फोल्डरातील लॉग या फोल्डरात एक्सऑर्ग नावाची नोंदवही उघडून कंसात दोन ई असलेल्या ओळी वाचाव्यात. चुका त्या खुणेने नोंदलेल्या असतात. एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांत बहुधा फर्मवेअर नसणे हेच कारण निघते आणि 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' हे पॅकेज बसवल्यावर चित्र येते. दुरुस्ती लांबणार असेल तर 'सुडो सिस्टीमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट' देऊन संगणक तात्पुरता काळ्या पडद्यावरच सुरू होऊ द्यावा, आणि काम झाल्यावर त्याच कमांडमध्ये शेवटी 'ग्राफिकल.टार्गेट' लिहून तो पूर्ववत करावा. यापलीकडे अडचण गेली तर विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप आहे. आपल्याच शहरात लिनक्स जाणणारी मुले आहेत, याचा उपयोग करून घ्यावा.

सर्वाधिक वेळा घडणारा प्रकार मात्र साधा असतो: कोणाच्या तरी हातून पॅनेल पुसले जाते. ऑल्ट आणि एफ२ दाबून येणाऱ्या चौकटीत 'एक्सएफसीई४-पॅनेल' लिहून एंटर दिला की बंद पडलेले पॅनेल परत येते. त्यातील मांडणीच विस्कटली असेल तर जतन केलेली प्रत लागते, आणि ती प्रत सगळे मनासारखे लावून झाल्याच्या दिवशीच काढून ठेवावी. होम फोल्डरात कंट्रोल आणि एच दाबल्यावर दिसणाऱ्या डॉट-कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरात एक्सएफसीई४ नावाचा फोल्डर असतो; त्याची प्रत पेनड्राइव्हवर आणि संगणकावरही ठेवावी. परत आणताना डेस्कटॉपमधून लॉगआउट व्हावे, कंट्रोल, ऑल्ट, एफ२ ने कमांड लाइनवर जाऊन बिघडलेल्या फोल्डरचे नाव 'एमव्ही' ने बदलावे आणि चांगली प्रत 'सीपी -आर' ने त्याच्या जागी ठेवावी. डेस्कटॉप चालू असताना ही प्रत ठेवली तर तो बाहेर पडताना आपली जुनी सेटिंग्ज तिच्यावर पुन्हा लिहू शकतो, म्हणून लॉगआउट आधी आणि प्रत नंतर, हा क्रम बदलू नये.